दादाचे नवे गेम

दादाच्या पुण्यातल्या घरी टीव्हीखाली नवा गेम कन्सोल दिसला आणि शेजारी त्याच्या गेमची रांग. नोकरीला निघताना जुना कन्सोल त्याने मला देऊन टाकला होता, सगळ्या डिस्कसकट. सवयीने मी एकेक डबी उलटून पाहू लागले. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक डबीमागे लिहिलेलं असायचं, दोघांसाठी. शर्यती, कुस्ती, फुटबॉल, सगळं आम्ही एका सोफ्यावर बसून, एकमेकांना कोपराने ढोसत खेळलो. नव्या गेममधली चित्रं कितीतरी देखणी होती, पण शेजारी बसून खेळायचा एकही गेम मला त्यात सापडला नाही.

दादा मात्र एकटा खेळत नव्हता. कानाला हेडफोन लावून तो कुणाशी तरी बोलत होता. "तू जा पुढे, मी आहे ना मागे," असं म्हणून तो मनापासून हसला. हे तो मला म्हणायचा, अगदी याच आवाजात. मशीन बदललं की खेळ बदलणार, एवढं मला कळत होतं. खेळगडीही बदलेल, असं काही मनात आलं नव्हतं. त्या न दिसणाऱ्या माणसाचा मला इतका हेवा वाटला की वहिनीने दिलेला चहा हातात तसाच निवला.

खेळ संपल्यावर मी विचारलं, "कोण होता रे?"

"कोण जाणे. रोज भेटतो, पण नाव नाही विचारलं कधी."

हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण दादाला माझ्या जागी कुणीही चालत होतं.