डबीतली नाळ

राजेंद्र नगरच्या हॉलमध्ये नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीच्या त्या टायवाल्याने भाषण ठोकलं, तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. आत्यानेच ओढून नेलं होतं. 'नाळेतल्या पेशींपासून कुछ भी बन सकता है! हाड, हृदय, डोळासुद्धा!' मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते; माझं डोकंच फिरलं. नाळेच्या रक्तातल्या पेशी मुख्यतः रक्त बनवतात. हा बाबा थेट डोळ्यावर पोचला! आणि आमचे लोक? फुकटच्या कचोऱ्या हाणत टाळ्या वाजवत होते. अकलेच्या नावाने शंख.

रविवारी आत्या घरी हजर. तिच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे निकामी झालेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. तिने पर्समधून चांदीची डबी काढली. आमच्याकडे बाळाची गळून पडलेली नाळ वाळवून अशी जपून ठेवतात. आत मनुक्याएवढं काळं, सुरकुतलेलं काहीतरी होतं.

'त्याचीच आहे. तुझ्या लॅबमध्ये ने ना. यातून डोळा होईल, तो टायवाला भिया म्हणत होता.'

हसावं की कपाळ बडवावं, कळेना. 'आत्या, हे मेलंय गं! कधीचंच!'

मग माझी मास्तरकी सुरू झाली. गर्भात सुरुवातीच्या पेशी कोऱ्या असतात. प्रत्येकीत अख्ख्या शरीराची माहिती असते, पण शेजारच्या पेशींच्या इशाऱ्यांनी त्यातली कामापुरती उघडी राहते, बाकीची बंद होते. म्हणून कुणी कातडी होते, कुणी डोळ्याचा पडदा.

'आणि एकदा झाली की आपोआप मागे फिरत नाही. तळलेल्या कचोरीचं परत पीठ होतं का? हे झालं जिवंत पेशीचं. या वाळक्या तुकड्याचं काय घेऊन बसलीस! तो टायवाला एक नंबरचा लफंगा, आणि तुम्ही सगळे बिनडोक!'

आत्याने डबीचं झाकण लावलं.

'बरं. मग त्याला तूच सांग.'

'सांगते की! मला कसली भीती? लाव फोन.'

'फोन कशाला? खाली रिक्षात बसलाय. सकाळीच दाढी केली, नवा शर्ट घातला. मी रंग सांगायला लागले, तर म्हणाला, राहू दे आई, आता मीच बघीन.'