पहिला हप्ता मीच भरला

माझ्या नवऱ्याने मला फसवलं. माझ्या नावाने, माझी खोटी सही करून क्रेडिट कार्ड काढलं आणि दीड वर्ष वापरलं. हे आधीच सांगते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट 'दोघांचं काहीतरी बिनसलं' अशी सांगतात. दोघांचं काही नव्हतं. एकाने उडवले, एकीने भरले.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीत घरातूनच साड्या विकायला लागले. उल्हासनगरहून गठ्ठे आणायचे, हप्त्याने विकायचे. तिथले व्यापारी मला बघून म्हणायचे, "आल्या ताई, आज नफा विसरा." हळूहळू मी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरण्याइतकं कमवायला लागले. स्टेशनजवळ एक गाळा ठरवला, बयाणा दिला, उरलेले पैसे बँकेत जमवत होते. आयुष्यात तेवढं एकच हवं होतं, माझ्या नावाची पाटी असलेलं दुकान.

नव्वदीनंतर नवरा कामाला होता ती ठाण्याची कोलशेतमधली कंपनी बंद पडली. मी त्यांना कधी एका शब्दाने टोचलं नाही. त्यांनी माझ्याच रिटर्नची झेरॉक्स कार्डाच्या फॉर्मला जोडली. बिलं मित्राच्या पत्त्यावर मागवली. मला कळलं ते बँकेचा वसुलीवाला दारात उभा राहिला तेव्हा.

"ताई, त्र्याहत्तर हजार थकलेत. कार्ड तुमच्या नावावर आहे."

बिलावर नवऱ्याच्या मित्राचा पत्ता होता, कार्ड कोणी काढलं ते कळलंच. शेजारची दोन्ही दारं किलकिली झाली. आणि तिथे मी चुकले. समोर आकडा आला की माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं.

"कमी किती करणार?"

तासभर भांडले. व्याज तोडलं, दंड तोडला, आकडा पंचेचाळीस हजारांवर आणला. साड्यांचे आलेले पाच हजार तिथल्या तिथे मोजून दिले. त्याने इंग्रजीत छापलेला कागद पुढे केला. त्यातला आकडा तेवढा नीट वाचला आणि सही ठोकली. तो घाम पुसत गेला. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी नवरा आला. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, नोकरी गेलेली. मित्रांत मान कशी वर करणार? भरणारच होतो."

"कशातून? माझ्याच साड्यांतून?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

दीड वर्षात त्यांना लोक आठवले ते त्या एका क्षणी.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला बँकेच्या ऑफिसात गेले. साहेबांनी फॉर्म काढला. खाली इंग्रजीत वळणदार सही. मी जन्मभर मराठीत सही करत आले.

"ही माझी नाही. नवऱ्याने केलीय."

"दिसतंय, मॅडम." मग त्यांनी कालचा कागद शेजारी ठेवला. "पण ही तुमचीच ना? थकबाकी मान्य आहे असं यात लिहिलंय. वर हप्ताही भरलात."

"अहो, मी फक्त कमी करून घेत होते!"

"मान्य नसलेली रक्कम कोण कमी करून घेतं? फार तर पोलिसांत जा. मिस्टरांचं नाव द्या."

दोनदा पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत गेले. आत जाऊन काय सांगणार होते? माझ्याच नवऱ्याला घेऊन जा? दोन्ही वेळा परत आले. गाळ्यासाठी साठवलेले पैसे उरलेले चाळीस हजार फेडण्यात गेले. पैसे द्यायची मुदत टळली म्हणून गाळ्याच्या मालकाने बयाणाही बुडवला. त्याच्याशी घासाघीस करायला गेले, तर तोंडातून शब्द फुटेना. असं आधी कधी झालं नव्हतं. त्यानंतर बाजारात जायचं मनच उडालं. व्यापारी सांगेल तो भाव देऊन गठ्ठा उचलायचे.

नवरा अजून म्हणतो, "घरातली गोष्ट आहे, सोड आता." का सोडू? साहेबांना सही खोटी दिसत होती, तरी पैसे माझ्याकडूनच घेतले. मला न बघता, न विचारता ते कार्ड मंजूर कोणी केलं? आणि अहो, तुम्ही. माझं नाव लिहिताना तुमचा हात एकदाही अडखळला नाही? मान खाली घालून बसू नका. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावते. त्यांच्यासमोर सांगा, ती सही कोणी केली.