आत्याचं भजन आणि कापलेले चार सेकंद

आमच्या आत्याने चाळीस वर्षांनी स्टेजवर गायचं ठरवलं आणि साथीला मला घेतलं. म्हातारपणी माणसाच्या हातून एखादी चूक होतेच!

मी पोटासाठी बँकेत, हौसेपुरता संगीतकार. कीबोर्डला लॅपटॉप जोडायचा; कोणता सूर कधी, किती जोरात, पेडल कधी दाबायचं, सगळं फायलीत भरून ठेवायचं. मग बटण दाबा आणि हाताची घडी घालून बसा! (वादनाचा हा प्रकार मला फार मानवतो.) प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला चार सेकंद शांतता असते. तेवढ्यात लॅपटॉप कीबोर्डला बजावतो: आधीच्या गाण्याचं सगळं विसर, पेडल सोड, सूर जागेवर आण, आता पेटी वाजव. याला रीसेट म्हणतात.

आत्याला ती शांतता खपेना.

"अरे, बटण दाबून इतका वेळ गप्प? लोकांना वाटेल, बुढिया शब्दच विसरली! काटून टाक ते."

"आत्या, ते जरूरी असतं."

"चाळीस साल रुकले मी. अब चार सेकंद नाही रुकणार!"

लग्नानंतर सुटलेलं तिचं गाणं. त्यापुढे चार सेकंदांची काय किंमत! कापले. घरी वाजवून पाहिलं, पेटी झकास वाजली. (वाजणारच! मशीनवर मघाचीच पेटी लागलेली होती. हे मला नंतर कळलं.)

आमच्या पलासिया भागातल्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. आत्याच्या आधी माझ्या बायकोच्या, म्हणजे मेधाच्या, ग्रुपचा डान्स. त्याचंही संगीत माझंच. शेवटी पेडल दाबून ट्रम्पेटचा सूर मी असा काही वर चढवला होता की टाळ्यांचा कडकडाट झाला! मग आत्या आली, तिने डोळे मिटले, मी बटण दाबलं.

संथ भजन ट्रम्पेटवर सुरू झालं! तेही चढ्या सुरात. पेडल दाबलेलंच, त्यामुळे वाजलेला एकही सूर थांबायला तयार नाही. नवा सूर आधीच्याच्या उरावर बसत होता.

"बारात आ गई क्या भिया?" पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

विंगेत मेधाला वाटलं, वन्स मोअर मिळाला. आठही बायका नाचत परत आल्या! मध्ये आत्या हात जोडून उभी, आवाज ताणून ट्रम्पेटला गाठायला बघतेय. मी लॅपटॉप थांबवला. ट्रम्पेट चालूच! शेवटी घाबरून एक्स्टेन्शन बोर्डाचाच प्लग भिंतीतून उपटला. आत्याचा माइकही त्याच बोर्डावर होता.

सगळं गप्प. आत्याने डोळे उघडले, मेधाला हातानेच बाजूला सारलं आणि माइक नाही, साथ नाही, पहिल्यापासून भजन म्हटलं. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मला भरून आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

टाळ्या संपल्यावर मी तिला गाठलं. "आत्या, सॉरी. मशीनला आधीचं विसरायला सांगायचंच राहिलं."

"मशीन को बोल दो तो भूल जाती है," आत्या शाल सावरत म्हणाली. "मी नाही भुलणार हं!"

रीसेट मी त्याच दिवशी फायलीत परत टाकला. आत्यात तो कुठून टाकतात, याचा शोध गेले आठ महिने चालू आहे.