दारुड्याची चाल

मी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. तरी जिल्ह्यात कुठंही एसटीतून उतरलो की लोक मला दारुड्या म्हणूनच हाक मारतात. त्यात त्यांची चूक नाही. आधी जत्रेतल्या नाटकांत आणि गेली काही वर्षं मोबाईलवरच्या गावरान मालिकेत मी एकच काम केलं, दारुड्याचं. ती चाल मी येरमाळ्याच्या फाट्यावर झिंगलेली माणसं बघून बसवली होती. डावा पाय आधी घाबरतो, मग उजवा त्याला समजावतो. लोक पोट धरून हसायचे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

मग मुलीला स्थळं यायला लागली. पहिल्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले, माझ्याबरोबर फोटो काढले, चाल करून दाखवायला लावली आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, "पोरगी चांगलीय, पण पिणाऱ्याच्या घरातली नको." दुसऱ्यांनी तर पोह्यांनाही हात लावला नाही. मी काम सोडलं. मालिका काढणाऱ्यांना म्हटलं, जुने भाग तेवढे काढून टाका. ते म्हणाले, "काका, तुमच्याच भागांवर तर आमचं चाललंय."

तिसरं स्थळ लातूरकडचं. मुलगा शिक्षक. माझ्या थोरल्या भावानं तोडगा काढला : पोरीचे वडील पुण्याला कंपनीत आहेत, रजा मिळाली नाही, असं सांगायचं आणि पाहुण्यांना त्याच्या घरी बसवायचं. बायकोनं धुतलेला सदरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाव्हणं जाईस्तोवर फाट्यावर बसा." सगळ्यांचा राग आला होता, पण त्यातलं कुणी चुकत नव्हतं. जाऊन चहाच्या हॉटेलात बसलो.

तासाभरानं जीप थांबली. वाट विचारायला उतरलेले मुलाचे वडील मला बघून थबकलेच. "आवो, तुम्ही? तुमाला बघितल्याबिगर आमच्याकडं कुणी जेवत न्हाय." मोकळा, भला माणूस होता. मला आवडला, त्यामुळं सगळं आणखी अवघड झालं. त्यांनी माझ्या भावाचं घर विचारलं. मी वाट सांगितली. मग आवाज खाली करून म्हणाले, "त्यांच्या पुतणीला बघाया चाललोय. पोरीचा बाप कसाय?"

"लई साधा माणूस," मी म्हणालो. "पीत न्हाय."

"तुमचं कोण लागतंय?"

"कुणी न्हाय."

मग त्यांनी चाल करून दाखवायची गळ घातली. मुलानं मोबाईल धरला. इतकी चांगली चाल मला आजवर जमली नव्हती. त्या दिवशी दोन्ही पाय घाबरले होते, समजावणारा कुणी नव्हता.

संध्याकाळी घरी आलो. मुलीनं ताट वाढलं. "जमलं, आप्पा," ती म्हणाली. मग भाकरी वाढत, "तुमचा व्हिडिओ त्यांनी सगळ्यांना दाखवला."

"मग?"

"सगळे हसले. मी बी हसले."

आता लग्न तोंडावर आलंय. कन्यादानाला भाऊ आणि वहिनी बसणार. खरं काय ते नंतर सांगू, असं भाऊ म्हणतो. नंतर म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नाही. ज्यानं स्वतःच्या तोंडानं कुणी न्हाय म्हटलं, त्यानं मांडवात कुठल्या नात्यानं उभं राहायचं? मी जाणार नव्हतो.

परवा व्याह्यांचा भावाला फोन आला. हळदीला माणसं लई येणार आहेत, तुमच्या भागातल्या त्या दारुड्याला तेवढं बोलवा, पोरं खूश होतील. भावानं घरी येऊन आम्हाला ते सांगितलं.

मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "या की, आप्पा. तसं तरी या."