पुतळ्यांच्या माळेचा पुरावा

नोकरीत मी खुनाचे आणि दरोड्यांचे तपास केले. त्यातले बरेचसे आता धूसर झाले आहेत. पण जुन्या दागिन्यांचा एक गुन्हा मनातून गेलेला नाही. तो आठवला की संताप येतो, आणि त्यातला बराचसा संताप माझ्यावरच असतो. कुणाचंही नाव न घेता तो सांगतो.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. तालुक्याच्या गावी एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांना सगळे 'सर' म्हणत. शांतता समितीच्या बैठकीत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. बोलणं मृदू, कपडे पांढरेशुभ्र. त्यांनी घराच्या तळमजल्यावर जुन्या मराठवाडी दागिन्यांचं संग्रहालय काढलं होतं. गावोगाव फिरून ते बायकांना सांगत, "हे विकू नका, मोडू नका. माझ्याकडे ठेवा. मालकी तुमचीच. लागेल तेव्हा घेऊन जा." काचेच्या पेटीत दागिना आणि खाली त्या कुटुंबाचं नाव. लोकांना त्याचा अभिमान वाटे.

उद्घाटनाला मला बोलावलं. मी गणवेशात गेलो, फीत कापली आणि भाषणात म्हणालो, "इथे तुमचे दागिने सुरक्षित आहेत, निश्चिंत राहा." माझं हे वाक्य ऐकून आणखी काही घरांनी दागिने दिले. हे मला फार उशिरा, जबाब नोंदवताना कळलं.

वर्षभरानंतर धावडा गावातली एक बाई ठाण्यात आली. पन्नाशी ओलांडलेली, विधवा. हातात कापडी पिशवी. सोबत कुणी नव्हतं. ठाणे अंमलदारासमोर बराच वेळ बसल्यावर तिला माझ्याकडे पाठवलं. पिशवीतून तिनं एक डबी काढली. आत पुतळ्यांची माळ होती. लक्ष्मीचा छाप असलेल्या नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्या, रेशमाच्या दोऱ्यात ओवलेल्या, मध्ये एक पदक.

"साहेब, ही माझी न्हाई," ती म्हणाली.

मला काही उमगलं नाही. मग तिनं सांगितलं. माळ तिच्या सासूची. घरात लग्न असलं की नवरी तीच माळ घालून बोहल्यावर चढायची. सासूनं मरताना ती हिच्या हाती दिली होती. पुतणीचं लग्न ठरलं म्हणून हिनं सरांकडून माळ परत आणली. सरांनी लगेच दिली, वहीत सही घेतली, चहाही पाजला. दीर ती माळ नव्यानं गाठवायला सराफाकडे घेऊन गेला. सराफानं कसोटीवर घासून सांगितलं, चांदी आहे, वर सोन्याचा मुलामा.

"दीर म्हणतो मी खरी इकली अन् खोटी ठिवली. पारावर चार लोक बसल्ते, त्यायच्यासमोर बोलला. पोरगा कंपनीत आहे, त्यानं फोनवर म्हणलं, आई, खरं काय ते सांग. सख्ख्या पोरानं."

"परत घेताना तुमच्या लक्षात आलं नाही?"

"हलकी लागल्ती हाताला. पण म्हणलं वर्ष झालं, हात इसरला असंल. एवढा शिकलेला माणूस, त्याला कसं म्हणावं?"

मी सरांना फोन केला. अर्ध्या तासात ते हजर. बाईकडे बघून त्यांनी नमस्कार केला आणि मला हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मी घेताना कसोटी लावली नाही. विश्वासावर घेतलं. यांनी जे दिलं तेच परत केलं. आता घरातली भांडणं माझ्या संस्थेवर कशाला?"

मला ते पटलं, हे लिहायला लाज वाटते. मी गुन्हा दाखल केला नाही. साधा अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला आणि बाईला सांगितलं, "काकू, घरी बसून मिटवा." ती उठली. डबी पिशवीत घातली आणि बसस्टँडकडे चालत गेली.

दोनेक महिन्यांनी ठाण्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. ती मूळची हसनाबादची, पुण्यात दागिन्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेत होती. मुंबईतल्या एका लिलाव कंपनीची पुस्तिका शिक्षकांनी वर्गात दाखवायला आणली होती. जुन्या, दुर्मिळ दागिन्यांचा लिलाव. त्यात तिला आजीची वज्रटीक दिसली.

"साहेब, माझ्या आजीच्या गळ्यात मी ती लहानपणापासून पाहिलीय. तिच्या मधल्या पट्टीला एक खोक आहे, तीपण फोटोत आहे. आजीनं ती सरांच्या संग्रहालयात ठेवलीय. मी मावसभावाला बघायला पाठवलं. तो म्हणतो पेटीत वज्रटीक आहे. मंग ही कोणती?"

तिनं पुस्तिका मोबाईलवर पाठवली. वज्रटिकेखाली इंग्रजीत लिहिलं होतं, मराठवाड्यातल्या एका सरंजामी घराण्याच्या खासगी संग्रहातून. हसनाबादची ती आजी आयुष्यभर शेतात राबलेली. तिचं घराणं सरंजामी कधी झालं, तिलाही माहीत नसेल. मी पुढची पानं उघडत गेलो. चौथ्या पानावर पुतळ्यांची माळ होती.

लिलावाला नऊ दिवस उरले होते. त्याच दुपारी हसनाबादच्या आजीची फिर्याद घेऊन विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. लिलाव कंपनीला पत्र पाठवलं की या वस्तू विक्रीतून काढा. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. विक्रेत्यानं मालकीचं प्रतिज्ञापत्र दिलेलं आहे, तक्रारदार महिलांकडे खरेदीची पावती असल्यास सादर करावी.

मी स्वतः मुंबईला गेलो. गार खोली, जाड गालिचा. व्यवस्थापक अतिशय नम्र होता.

"आमची प्रक्रिया काटेकोर आहे," तो म्हणाला. "पण त्या महिलांकडे मालकीचा पुरावा काय?"

"तुम्ही विक्रेत्याकडे पावती मागितली होती?"

"त्यांचं प्रतिज्ञापत्र आहे. ते प्रतिष्ठित गृहस्थ आहेत."

"तुमच्या आईच्या मंगळसूत्राची पावती आहे तुमच्याकडे?"

तो हसला. मी हसलो नाही. सासूनं सुनेला दिलेल्या वस्तूची पावती या देशात कुणाच्या घरात असते? आणि स्टॅम्प पेपरवर 'हे माझं आहे' एवढं लिहिणाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही. त्या खोलीत माझा आवाज चढला. गाडीत बसल्यावर मात्र आठवलं की मीही त्या बाईला हाच न्याय लावला होता. फक्त माझ्या खोलीत गालिचा नव्हता.

परत आल्यावर महिला हवालदाराला घेऊन धावड्याला गेलो. ती बाई आता दिराच्या घरापासून तोडून दिलेल्या एका खोलीत राहत होती. पुतणीचं लग्न होऊन गेलं होतं. मी ओसरीवर बसलो आणि म्हणालो, "काकू, तुमची माळ हजारात ओळखू येईल अशी काही खूण आहे का?"

"हाय की," ती लगेच म्हणाली. "सासूबाईची एक पुतळी कापूस येचताना शेतात पडल्ती. मंग दुसरी करून घातली. तिचं सोनं लालसर हाय. अन् बाकीच्या लक्षुम्या समोर बघतेत, ही एकटी बाजूला बघती."

"हे तुम्ही त्या दिवशी ठाण्यात का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच न्हाई, साहेब."

हवालदार मान खाली घालून लिहीत राहिली. नोकरीत मला खात्याकडून मेमो मिळाले आहेत, पण इतका खरा ठपका माझ्यावर कुणी ठेवला नव्हता.

ठाण्यात आल्यावर पुस्तिकेतला फोटो मोठा करून पाहिला. मधल्या पदकापासून सहावी पुतळी लालसर होती आणि तिच्यावरची लक्ष्मी एका बाजूला पाहत होती. बाईकडून सोबत आणलेली खोटी माळ तपासली, तर तिच्या सगळ्या पुतळ्या एकाच साच्यातल्या होत्या, केसभरही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष संग्रहालयातल्या पेट्या उघडल्या. जालन्याच्या एका वयस्कर मारवाडी सराफाला तज्ज्ञ म्हणून आणलं होतं. त्यांच्या कुटुंबाची तिसरी पिढी याच धंद्यात. ते एकेक दागिना कसोटीवर घासत, भिंगातून बघत आणि बाजूला ठेवत. अकरा दागिन्यांनंतर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काम बिलकुल सफाईचं आहे, साहेब. पण सोनं एकातही नाही," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात लबाडी पाहिली मी. गरजू माणसाला भाव कमी देणारे पाहिले. पण ज्यांनी विकायलाच काढलं नव्हतं, त्यांच्या नावाची पट्टी खाली लावून वर नकली ठेवायचं, हे पहिल्यांदा पाहतोय."

सरांना अटक केली. चौकशीत ते जराही डगमगले नाहीत. त्यांचं एकच म्हणणं. लिलावातले दागिने मी वर्षानुवर्षं स्वतः खरेदी केलेले आहेत, तसे दागिने घरोघरी असतात. पेटीत जे आहे, ते कुटुंबांनी दिलेलंच आहे. सगळे लोक नकली दागिने मिरवत होते, त्याला मी काय करू? म्हणजे एका घरातून अकरा घरांपर्यंत चोरीचा आळ पसरवायची त्यांची तयारी होती. प्रत्येक घरात एक सून, एक दीर, एक मुलगा. प्रत्येक घरात तोच प्रश्न.

बाईनं खरी माळच दिली होती, हे सिद्ध करायचं तर दिली त्या सुमाराचा पुरावा हवा होता. तो महिला हवालदाराला सापडला. उद्घाटनाच्या दिवशी ती बंदोबस्ताला होती. तिनं मोबाईलवर बरेच फोटो काढले होते. त्यातल्या एकात धावड्याची ही बाई पेटीशेजारी उभी होती, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर अभिमानाचं हसू. मागे पेटी. फोटो मोठा केला. पदकापासून सहावी पुतळी लालसर.

मी तो फोटो, लिलावाची पुस्तिका आणि परत दिलेली खोटी माळ सरांसमोर टेबलावर ठेवली. त्यांनी फोटो जवळ ओढून पाहिला.

"तुम्हाला कळत नाही, साहेब," ते म्हणाले. "या बायकांनी ते उद्या मोडीत घातलं असतं. नव्या फॅशनची चेन केली असती. मी ते कदर करणाऱ्यांच्या हातात पोचवत होतो. मी हा वारसा वाचवला."

"वारसा वाचवायला खोटी माळ करून त्या बाईच्या हातात दिलीत? तिला घराबाहेर काढलं, ते माहीत होतं?"

"ऐकलं होतं," ते म्हणाले.

या दोन शब्दांनी माझा हात शिवशिवला. तीस वर्षांच्या नोकरीत आरोपीला हात लावायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. त्या दिवशी तो पाळायला मी खोलीबाहेर गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी पाणी मागितलं आणि नकला बनवणाऱ्या कारागिराचं नाव सांगितलं. कारागिराच्या दुकानात साचे मिळाले. ते मुद्देमालात जमा झाले.

लिलावाच्या आदल्या दिवशी कंपनीनं त्या वस्तू काढल्या आणि आमच्या ताब्यात दिल्या. त्यांच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकांसमोर 'मागे घेतले' एवढंच लिहिलेलं होतं. का, कुणाच्या, एक अक्षर नाही. आधीच्या लिलावात विकले गेलेले दागिने मात्र गेले ते गेले. वडीगोद्रीच्या एका कुटुंबाचे चांदीचे तोडे परदेशात गेल्याचं कळलं. घेणाऱ्याचं नाव गोपनीय. मी चार पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

दोषारोपपत्र वेळेत गेलं. खटला अजून चालू आहे. सर जामिनावर आहेत, आणि मध्यंतरी एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मी त्यांचं नाव प्रमुख पाहुणे म्हणून वाचलं. त्यांच्याकडे लोक आजही आदरानं बघतात. गुन्हेगार ओळखायला आपण कपडे, भाषा, शिक्षण बघतो, आणि खरं बोलणाऱ्या माणसाकडे कागद मागतो. हा दोष फक्त त्या लिलाव कंपनीचा नाही. तो पोलीस ठाण्याचा आहे, बँकेचा आहे, पारावर बसलेल्या चार माणसांचा आहे. या गुन्ह्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत एक गोष्ट पाळली. ठाण्यात आलेल्या माणसाचं पूर्ण ऐकायचं, खूण विचारायची, आणि मगच दुसऱ्याला फोन लावायचा. कितीही मोठा माणूस असो.

न्यायालयाच्या आदेशानं माळ तिच्या मालकिणीला सुपुर्द करायची होती. त्या दिवशी दीरही आला. ठाण्याच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "वहिनी, झालं गेलं सोडा. गैरसमज झाल्ता. चला घरी."

बाईनं सुपुर्दनाम्यावर अंगठा नाही, सही केली. माळ हातात घेऊन तोलली. मग दिराकडे वळली.

"चोर म्हणताना पारावर बोललात. हे बी तिथंच बोला. इथं पोलिसाच्या दारात न्हाई."

तो पायऱ्या उतरून निघून गेला. आठवड्याभरानं मला कळलं की तो पारावर बोलला. त्या दिवशी ती मात्र माझ्यासमोरून हलली नाही. मी विचारलं, आणखी काही तक्रार आहे का?

"माळ भेटली, साहेब, बराबर भेटली," ती म्हणाली. "पण पुतणीच्या लग्नात मला मांडवात बसू दिलं न्हाई. अक्षता पडत होत्या अन् मी त्या खोलीत बसून वाजंत्री ऐकल्ती. ते कुठून आणायचं?"

मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ असते. तिनं मागितलं ते कुठल्या ओळीत लिहायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.