मिस्त्रींची गोळी आणि चेंडू

देगलूरच्या आमच्या गल्लीत फरशी बसवणारे मिस्त्री सपाटी बघायला पाणसळ वापरत नाहीत. त्यांच्या एका खिशात ट्रकच्या बेअरिंगमधली जड गोळी असते, दुसऱ्यात प्लास्टिकचा हलका चेंडू. न्हाणीत ते गोळी सोडतात, ती गडगडत मोरीकडे जाते. "उतार हाय का न्हाई?" बैठकीत मात्र चेंडू ठेवतात, तो जागचा हलत नाही. "सपाट हाय का न्हाई?" आपण 'हाव' म्हणेपर्यंत ते हटत नाहीत.

माझ्या बैठकीत मी हट्टानं गोळी ठेवली. ती थेट उंबऱ्याला जाऊन धडकली. मिस्त्रींनी ती शांतपणे उचलून खिशात टाकली. "जड वस्तू कुठं बी घरंगळती, साहेब. तिचं काय ऐकता?"

आता मी ते घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक बघायला येणार असलं, की मिस्त्रींकडून तेवढा चेंडू मागून आणतो.