डोळा फसतो, बोट फसत नाही

सुतारकामाचा भुसा रोज संध्याकाळी झाडून निघतो, किस्से मात्र कोपऱ्यात साठत जातात. त्यात आमचं वर्कशॉप बेळगुंदीत, आणि काम काय, तर जपानी सरावाच्या तलवारींना लाकडी म्यानं करायची! किस्स्यांना तोटा कसा असेल?

या तलवारींना धार नसते. "मग म्यान कशाला?" असं गावात सगळे विचारतात. आमचे मालक आप्पा म्हणतात, "पाव्हण्याला दात न्हाईत म्हणून ताट वाढायचं न्हाय व्हय?"

*

म्यानाचे दोन उभे भाग आतून कोरून एकमेकांना चिकटवतात. त्याआधी आप्पा डोळे मिटून खाचेतून बोट फिरवतात. "डोळा फसतो, बोट फसत न्हाय!" एकदा मध्येच थांबून म्हणाले, "सुनंदाक्का, केस हाय हितं. तुजाच असणार!"

पॉलिश करणाऱ्या सुनंदाक्काचाच निघाला.

*

कॅम्पातल्या तलवारीच्या क्लासच्या सरांचा फोन आला. एक विद्यार्थी कमरेला तलवार लावून जिन्यावरून पडला, बरगडी मोडली.

आप्पांनी विचारलं, "आनि म्यान?"

"ओरखडासुद्धा नाही."

"मग झालं तर!"

*

पुढे आप्पांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, बोटांची संवेदना चाललीय, हत्यारं सोडा. "डाक्टरनं कधी पटाशी धरलीया व्हय?" आप्पा हसले. आम्हीही हसलो.

पंधरवड्यात एक म्यान परत आलं. आयुष्यात पहिल्यांदा! तलवार आत अडकत होती. "लाकूड फुगलं आसंल," आप्पा म्हणाले. तेही भर उन्हाळ्यात! 

तेव्हापासून आप्पा जेवायला घरी गेले की सुनंदाक्का आणि मी प्रत्येक खाच तपासतो आणि गुपचूप घासून ठेवतो. आप्पा येतात, बोट फिरवतात आणि खूश होतात. "बगा, बोट अजून बोलतंय!"

*

परवा सकाळी आप्पा खाच कोरत बसले होते. शिवणीचं पांढरं लाकूड, उजव्या हातात पटाशी. एकदम ओरडले, "कामावर रगात कुणी सांडलं रं? हात दाखवा दोघांनीबी!"

त्यांची डावी तर्जनी चांगलीच कापली होती. थेंब अजून लाकडावर पडत होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदाक्कानं आपला हात पदरात गुंडाळला. म्हणाली, "माजं हाय, आप्पा."

"जपून गं," आप्पा म्हणाले. "बोटच गेलं तर मग ऱ्हायलं काय?"